मांडीवरचा प्रवासी

तर झालं असं, की या मे महिन्यात ताईला अमेरिकेला पोचवायला मी बरोबर गेलो होतो. जिजाजी आधीच ऑस्टिनला जाऊन बसलेले. इकडे ताई, एक वर्ष आठ महिन्यांचा चिनू, चार मोठ्या बॅगा आणि आईनं शेवटच्या क्षणी कोंबलेला लाडवांचा डबा. माझं ऑफिसचं काम योगायोगानं त्याच गावात निघालं. (योगायोग कसला, मॅनेजरच्या मागे लागून काढलं.)

मुंबईहून शिकागोपर्यंत युरोपातल्या एका कंपनीची विमानं होती. बसल्या बसल्या हवाई सुंदरी एक छोटा केशरी पट्टा घेऊन आली, ताईच्या पट्ट्यात ओवला आणि चिनूच्या पोटाभोवती अडकवला. "हा लावल्याशिवाय विमान हलणार नाही," असं हसत पण ठामपणे सांगितलं. छान वाटलं, सुरक्षित वगैरे. शिकागोला अमेरिकन कंपनीच्या विमानात बसलो, तर ताईनंच आपणहून तो पट्टा मागितला. उत्तर आलं, "आमच्याकडे तो चालत नाही. मुलाला नुसतं हातांनी धरा."

एकाच दिवशी, एकाच मुलाला, दोन उलटे नियम! एकीकडे पट्टा सक्तीचा, दुसरीकडे मनाई. सॉफ्टवेअरमध्ये असं काही दिसलं की आम्ही समजतो, कुठेतरी कुणीतरी कधीतरी काहीतरी निर्णय घेतलाय आणि त्याची कॉमेंट लिहायला विसरलाय. तीच कॉमेंट शोधण्यात माझे पुढचे तीन वीकेंड गेले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

सुरुवात करू १९३० पासून. एलन चर्च नावाची एक नर्स होती. तिला खरं तर पायलट व्हायचं होतं, विमान चालवायला ती शिकलीही होती. पण बाईला पायलटची नोकरी कोण देणार? मग तिनं बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅनेजरला, स्टीव्ह स्टिम्पसनला, वेगळीच कल्पना दिली. विमानात नर्स ठेवा, म्हणजे लोकांची भीती जाईल. १५ मे १९३० रोजी ती ओकलंड ते शिकागो या विमानात जगातली पहिली हवाई सुंदरी म्हणून चढली. प्रवास वीस तासांचा आणि वाटेत तेरा थांबे. आपली एसटी परवडली! तिच्यासह आठ जणी नेमल्या होत्या, सगळ्या प्रशिक्षित नर्स. आपण आज ज्या कामाला 'सर्व्हिस' म्हणतो त्याचा उगम असा दवाखान्यात आहे. घाबरलेल्याला धीर देणं, ओकणाऱ्याला सांभाळणं आणि सैल झालेल्या खुर्च्यांचे बोल्ट आवळणं, ही सगळी त्यांची कामं.

त्या विमानांत केबिनमधला हवेचा दाब राखायची सोय नव्हती. विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी, तसा आतलाही कमी. कानाला दडे बसायचे, म्हणून प्रवाशांना च्युइंग गम वाटायचे. चघळलं की गिळलं जातं आणि गिळलं की घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी उघडते. पण दात न आलेल्या बाळाला च्युइंग गम कसा देणार? तान्ह्या मुलांची ही नळी मोठ्या माणसांपेक्षा अरुंद आणि जास्त आडवी असते, म्हणजे त्रास त्यांनाच जास्त. उपाय मात्र आयांना आधीपासूनच माहीत असलेला, दूध पाजणे. इथे एक गोष्ट मला नव्यानं कळली. खरा त्रास विमान चढताना नाही, उतरताना होतो. चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना ती आत जायला हवी असते आणि नळीचं तोंड झडपेसारखं मिटून बसतं. विमान जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधी उतरायला लागतं. म्हणजे बाटली तेव्हासाठी राखून ठेवायची. आम्ही ती मुंबईलाच संपवली होती. शिकागो उतरताना चिनूनं जो सूर लावला, तो मागच्या पंचवीस रांगांनी ऐकला.

दाब राखणारं पहिलं प्रवासी विमान, बोइंगचं स्ट्रॅटोलायनर, १९४० मध्ये सेवेत आलं. हे फार मोठं पाऊल होतं, पण 'दाब राखणं' म्हणजे जमिनीवरचा दाब राखणं नव्हे, हे लक्षात घ्या. आजही नियम असा की केबिनमधली हवा ८,००० फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नाही. ८,००० फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे विमानात बसलेलं प्रत्येक बाळ तासन् तास कळसूबाईच्या बरंच वर बसलेलं असतं. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ चा सांगाडा धातूऐवजी मुख्यतः कार्बन फायबरचा आहे, त्यामुळे त्यात ही उंची ६,००० फुटांपर्यंत खाली आणता आली. तरी कळसूबाईपेक्षा वरच!

युद्धानंतर लोक कुटुंबासकट विमानानं जायला लागले. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. ब्रिटिश बीओएसी कंपनीची विमानं त्यांच्या जुन्या वसाहतींकडे जायची आणि त्यांत नोकरीनिमित्त परदेशी राहणाऱ्यांची कच्चीबच्ची भरपूर असत. १९५० च्या दशकातले त्यांचे फोटो बघण्यासारखे आहेत. डोक्यावरच्या सामानाच्या फळीला पाळणा टांगलेला, त्यात बाळ आणि खाली टोपी घालून बसलेली आई. 'स्कायकॉट' म्हणायचे त्याला. आज आपण पहिल्या रांगेपुढच्या भिंतीला जो पाळणा लावून मागतो त्याचा हा आजोबा. बाळाला उंचावर टांगून झोपवायची कल्पना आपल्याकडे साडीच्या झोळीत कधीपासूनच होती, ते सोडा.

त्याच कंपनीनं १९५७ मध्ये 'ज्युनियर जेट क्लब' काढला. मुलांना एक बिल्ला आणि एक लॉगबुक मिळायचं. किती मैल उडलो ते त्यात लिहायचं आणि वही कॉकपिटमध्ये पाठवून कॅप्टनची सही घ्यायची. मला हे प्रचंड आवडलं. चार वर्षांच्या मुलाला आठ तास गप्प बसवण्यासाठी यापेक्षा चांगली युक्ती गेल्या सत्तर वर्षांत कुणी काढली असेल असं वाटत नाही. समोरच्या स्क्रीनवरचं कार्टून काही याच्या जवळपास येत नाही. कार्टून मुलाला प्रवास विसरायला लावतं, वही त्याला प्रवासी करते.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. ओवेन मॅक्लारेन हा ब्रिटिश विमान-अभियंता. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या चाकांच्या घडीवर त्यानं काम केलं होतं. हवेत असताना पंखांत दुमडायची आणि उतरताना बाहेर यायची, ती चाकं. निवृत्त झाल्यावर आजोबा झाला. मुलीला ती जुन्या पद्धतीची अवजड बाबागाडी घेऊन प्रवास करताना हैराण झालेलं बघून त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं, असं सांगतात. १९६५ मध्ये त्यानं छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी तयार केली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. एका हातात मूल, दुसऱ्या हातानं गाडी मिटवायची. १९६७ मध्ये घरच्या तबेल्यात उत्पादन सुरू केलं. लढाऊ विमानाच्या चाकांची विद्या बाबागाडीत उतरली आणि ती बाबागाडी पुन्हा विमानाच्या दारापर्यंत येऊन पोचली! त्याच सुमाराला, १९६१ मध्ये, अमेरिकेत पिओरिया नावाच्या गावात वापरून टाकून द्यायचे डायपर विकून पाहिले गेले. त्यामागचा व्हिक्टर मिल्स हा केमिकल इंजिनियर, तोही नातवाचे लंगोट बदलून वैतागलेला आजोबा. एकूण काय, मुलांचा प्रवास सोपा करण्यात आजोबा लोकांचा हात मोठा. आजींचाही आहे, तो पुढे येईल.

इथवर सगळं गोड आहे. आता त्या पट्ट्याकडे येतो.

१९ जुलै १९८९. युनायटेडचं २३२ क्रमांकाचं डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं. मुलांच्या तिकिटांवर खास सवलतीची योजना चालू होती, त्यामुळे विमानात ५२ मुलं होती. त्यातली चार मांडीवरची. वाटेत शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. म्हणजे विमान वळवायला, वर-खाली करायला काहीच उरलं नाही. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले डीसी-१० चे प्रशिक्षक डेनिस फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. हा भाग विमानप्रेमींना पाठच असतो. २९६ पैकी १८४ जण वाचले, हा चमत्कारच मानला जातो.

मागच्या केबिनमधली गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. मुख्य हवाई सुंदरी जॅन ब्राऊन यांच्यासमोर प्रश्न होता, मांडीवरच्या चार मुलांचं काय करायचं? तेव्हाची ठरलेली पद्धत अशी की मुलांना ब्लँकेट-उशांत गुंडाळून आईबापांच्या पायापाशी जमिनीवर ठेवायचं आणि धरून ठेवायचं. त्यांनी तसं सांगितलं. सांगतानाच आपण हे काय सांगतोय असं त्यांना वाटलं, हे त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवलंय. विमान आपटलं, उलटलं, पेटलं. एक तान्ही मुलगी घरच्यांच्या हातून निसटली. धुरातून रडणं ऐकून बाहेर पडलेला एक प्रवासी पुन्हा आत शिरला आणि त्यानं तिला काढलं. एक मुलगा मात्र गेला. बाहेर आलेली त्याची आई त्याला शोधायला परत जळत्या विमानाकडे निघाली, तेव्हा तिला अडवणाऱ्याही जॅन ब्राऊनच होत्या.

गणित अगदी साधं आहे. १९८८ पासून अमेरिकेत नव्यानं डिझाइन होणाऱ्या विमानांच्या खुर्च्यांना पुढच्या दिशेनं १६ जी इतका धक्का सोसता आला पाहिजे असा नियम आहे. मोठ्या माणसाला कमरेचा पट्टा धरून ठेवतो. चिनूचं वजन साडेदहा किलो. १६ जी ला तो १६८ किलोचा होतो. ताईनं कितीही जीव तोडून धरलं तरी १६८ किलो कोण धरणार?

जॅन ब्राऊन यांनी पुढे अनेक वर्षं एकच मागणी लावून धरली : प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीनं १९९० मध्ये तशी शिफारस केली. १९९७ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या आयोगानंही केली. आणि नियम करायचा अधिकार ज्यांचा, त्या एफएएनं नियम केला नाही. २००५ मध्ये तर विषय अधिकृतपणे बाजूला ठेवला.

पहिल्यांदा वाचताना मला भयंकर राग आला. विमान कंपन्यांनी दबाव आणला असणार, दुसरं काय! पण कारण वेगळंच निघालं. त्यांचं म्हणणं असं : मुलाचं तिकीट सक्तीचं केलं तर प्रवास महागेल. काही कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील. मोटारीचा प्रवास मैलामागे विमानापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा. म्हणजे विमानात एक मूल वाचवायला जाऊन रस्त्यावर जास्त मुलं मरतील. २००३ मध्ये काही बालरोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे हा हिशेब मांडला. सक्ती केल्यानं अमेरिकेत वर्षाला सुमारे ०.४ मुलं वाचतील. पाच ते दहा टक्के कुटुंबं रस्त्याकडे वळली, तर हा फायदा पुसला जाऊन उलट तोटा होईल. आणि एका फेरीचा खर्च २०० डॉलर धरला, तर वाचलेल्या एका जीवामागे १३० कोटी डॉलर.

इंजिनियर म्हणून या हिशेबात मला चूक सापडत नाही. मामा म्हणून तो गळ्याखाली उतरत नाही. मला खटकतं ते एवढंच, की हा हिशेब सगळ्या देशाचा मिळून आहे आणि मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आईला तो कुणी सांगत नाही. तिला 'दोन वर्षांच्या आतल्यांना फुकट' एवढंच दिसतं. त्यावरून ती समजते की तपासूनच ठेवलं असेल, म्हणजे सुरक्षित असेल. शिवाय अमेरिकेत लोक मोटारीकडे वळतील हे खरं, पण मुंबईहून लंडनला कोण मोटारीनं जाणार आहे? तिथे हा युक्तिवाद लागूच होत नाही. तरी नियम तोच.

आणि केशरी पट्टा? तो युरोपात चालतो, कारण विमान अचानक हादरलं तर मूल छताकडे उडत नाही, हे खरंच आहे. पण ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या संशोधन संस्थेनं पुतळे बसवून धक्क्याच्या चाचण्या केल्या, त्यांचा अहवाल १९९४ चा. जोराच्या धक्क्यात मोठं माणूस पुढे दुमडतं आणि मूल त्याच्या शरीर आणि पट्टा यांच्यामध्ये चिरडलं जातं, सगळा जोर त्याच्या पोटावर. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेनं विमान धावताना, उडताना आणि उतरताना या पट्ट्यावर बंदी घातली. म्हणजे युरोप खड्ड्यांचा विचार करतोय, अमेरिका अपघाताचा. दोघांचंही बरोबर आणि दोघांचंही अपुरं. मला हवी होती ती कॉमेंट सापडली, बग मात्र तसाच आहे.

मधला एक मार्ग आहे. मोटारीतली मुलांची सीट विमानात वापरता येते. २६ फेब्रुवारी १९८५ पासून बनलेल्या अमेरिकन सीटवर 'विमानात चालेल' असं लाल अक्षरांत छापलेलं असावं लागतं. पण ती घेऊन विमानतळभर फिरा म्हणजे कळेल! म्हणून ही आजीची गोष्ट. लुईस स्टोल या अमेरिकेच्या वाहतूक खात्यात मोठ्या पदावर काम केलेल्या बाई. त्यांनी 'केअर्स' नावाचा एक पट्टा तयार केला. सीटच्या पाठीला वेढा घालायचा, मुलाच्या दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा आणि विमानाच्याच पट्ट्यात अडकवायचा. वजन अर्धा किलोच्या आत, मावतो छोट्या पिशवीत. २००६ मध्ये एफएएनं १० ते २० किलोच्या मुलांसाठी तो मान्य केला. अट एकच, मुलाला स्वतःची सीट हवी.

२००६ वरून आठवलं. त्या वर्षी १० ऑगस्टला लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि एका रात्रीत हातातल्या सामानावर बंदी आली. बाळाचं दूध तेवढं नेता येई, पण तपासणीच्या वेळी प्रत्येक बाटलीतलं दूध पालकांनी स्वतः चाखून दाखवायचं! १०० मिलीचा नियम त्यानंतरचा, त्यातूनही बाळाच्या दुधाला सवलत आहेच.

पुढची वीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात सोय कमी आणि कुरकुर जास्त आहे. इंडिगोनं २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या. जपान एअरलाइन्सच्या सीट निवडायच्या नकाशात कुठे बाळ बसणार याची खूण दिसायची, ती २०१९ मध्ये जगभर गाजली. उलट बाजूला, एप्रिल २०२४ मध्ये आपल्या डीजीसीएनं सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाच्या शेजारची सीट मिळालीच पाहिजे. हे सांगावं लागलं यातच सगळं आलं.

२०२४ च्या जानेवारीनं मात्र हा जुना प्रश्न पुन्हा वर काढला. २ तारखेला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. आतले ३७९ जण वाचले, त्यात दोन वर्षांखालची आठ मुलं. तीनच दिवसांनी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीचा दाराएवढा तुकडा हवेत उडून गेला. त्या भोकाशेजारची सीट रिकामी होती. विमानात मांडीवरची तीन बाळं होती.

मी हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मागे चिनू कशावर तरी डबा आपटत होता. "मग आता काय म्हणतोस?" म्हणाली. डिसेंबरात ती पुण्याला येतेय. चिनूला सप्टेंबरात दोन पूर्ण होतात, म्हणजे तिकीट तसंही पूर्ण सीटचंच काढायला लागणार. पट्टा मागवलाय. घरच्या खुर्चीला बांधून त्याला रोज दहा मिनिटं बसवून बघायचं ठरलंय. पहिल्या दिवशी चार मिनिटं टिकला. दोन्ही विमान कंपन्यांना 'हा पट्टा चालेल का' असं लिहून विचारलंय. एकीचं 'हो' आलंय. त्या ई-मेलचा प्रिंटआउट ताई पासपोर्टबरोबर ठेवणार आहे. दुसरीच्या उत्तराची वाट बघतोय.